डोळा पांढरा, नजर स्वच्छ. मग पडद्याची अँजिओग्राफी कशाला?

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. तो महिनोन्महिने राहिला की पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊ लागतो. हे बदल टिपणाऱ्या तपासण्यांबद्दल, मुख्यतः शिरेतून चमकणारा रंग (डाई) देऊन वाहिन्यांचे फोटो घेणाऱ्या अँजिओग्राफीबद्दल, रुग्णांनी, नातेवाइकांनी आणि तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चार वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत युव्हिआयटिस आहे. सध्या डोळे लाल नाहीत, दुखत नाहीत, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. तरी शिरेतून डाई देऊन अँजिओग्राफी करायला सांगितली आहे. खरोखर गरज आहे का?

बहुधा आहे. लाली आणि दुखणे ही डोळ्याच्या पुढच्या भागातल्या दाहाची लक्षणे. पडद्याला वेदना जाणवतच नाही, त्यामुळे मागचा दाह मुकाट्याने चालू राहू शकतो. तक्ता वाचताना तपासला जातो तो मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या बारीक पाहणाऱ्या मधल्या भागाच्या, मध्यावरचा जेमतेम दीड मिलिमीटरचा भाग. कडेच्या पडद्यातल्या वाहिन्या बंद पडत गेल्या तरी हा मधला भाग शाबूत असेपर्यंत नजर ६/६ राहते.

दाहामुळे वाहिन्यांत तीन गोष्टी घडतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली गळती. निरोगी पडद्यातल्या वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की फ्लुओरेसिनसारख्या लहान रेणूची डाईही बाहेर येत नाही. दाहात हे सांधे सैल होतात आणि डाई झिरपताना दिसते. दुसरी गोष्ट अडथळा : वाहिनीची भिंत सुजून किंवा आत गुठळी होऊन रक्त थांबते आणि पुढच्या केशवाहिन्या रिकाम्या पडतात. तिसरी म्हणजे नव्या वाहिन्या. प्राणवायू न मिळालेला पडदा व्हीईजीएफ हे रसायन सोडतो आणि त्यामुळे नाजूक, सहज फुटणाऱ्या वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्तस्राव होतो आणि नजर एका दिवसात जाऊ शकते. इथवर पोचेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवलेले नसते, हे फार वेळा घडते.

बाहुली मोठी करून भिंगातून पाहिले तर वाहिन्यांभोवतीचे पांढरे आवरण, रक्ताचे ठिपके आणि मोठ्या नव्या वाहिन्या दिसतात. केशवाहिन्यांची गळती मात्र नुसत्या नजरेने दिसत नाही. बाहुली मोठी करूनच नीट पाहिले होते, मग पुन्हा डाई कशाला, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर एवढेच की ही गळती डाईशिवाय दिसत नाही.

प्रश्न : डाईची तपासणी नेमकी कशी होते? डाई किती देतात? काही झाले तर?

ही पद्धत १९६१ सालापासून वापरात आहे आणि तिचा गाभा फारसा बदललेला नाही. मोठ्या माणसाला साधारण ५०० मिलिग्रॅम सोडियम फ्लुओरेसिन देतात, म्हणजे १० टक्क्यांचे ५ मिलि किंवा २० टक्क्यांचे अडीच मिलि. मुलांना वजनाप्रमाणे. निळा प्रकाश पडला की ही डाई हिरवा प्रकाश परत देते आणि कॅमेऱ्यातले फिल्टर तेवढा हिरवा टिपतात.

आधी बाहुली मोठी करण्याचे थेंब, मग वीस-तीस मिनिटे थांबणे. डाईपूर्वीचे साधे रंगीत आणि फिल्टर लावलेले फोटो काढून घेतात. हाताच्या शिरेत सुई बसवून आधी थोडे सलाइन सोडून पाहतात. ही पायरी कधीही गाळू नये. फ्लुओरेसिनचे द्रावण अल्कधर्मी असते. ते शिरेबाहेर त्वचेखाली गेले तर जबरदस्त आग होते, आणि जास्त प्रमाणात गेले तर तिथली त्वचा मरू शकते. सुई टोचलेल्या जागी आग झाली तर रुग्णाने सहन करत बसू नये, तत्क्षणी सांगावे.

डाई पाच ते दहा सेकंदांत सोडतात आणि त्याच वेळी कॅमेऱ्यातले घड्याळ सुरू करतात. दहा ते पंधरा सेकंदांत डाई डोळ्यात पोचते. आधी पडद्यामागचा कोरॉइडचा थर उजळतो, सेकंदभरात धमन्या, मग केशवाहिन्या आणि शेवटी शिरा. पहिल्या अर्ध्या मिनिटात सेकंदा-दोन सेकंदांनी फोटो घेतात. नंतर दोन्ही डोळ्यांच्या कडा फिरून टिपतात आणि पाचव्या व दहाव्या मिनिटाला उशिराचे फोटो घेतात. युव्हिआयटिसमध्ये हे दहाव्या मिनिटाचे फोटो फार मोलाचे असतात, कारण मंद गळती तेव्हाच स्पष्ट होते. उलट बंद पडलेल्या केशवाहिन्या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच शोधाव्या लागतात. पुढे आजूबाजूची गळती पसरून त्यांचे काळे डाग झाकून टाकते. म्हणून सुरुवातीचे आणि शेवटचे दोन्ही फोटो असल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही.

त्रास काय होतो? काही जणांना डाई गेल्यावर अर्ध्या-एक मिनिटात मळमळते, क्वचित उलटी होते आणि ते एक-दोन मिनिटांत थांबते. हनुवटी टेकलेलीच ठेवून तोंडाने सावकाश श्वास घेत राहिल्यास बहुतेकांची तपासणी पूर्ण होते. थोड्यांना अंगावर गांधी उठतात, खाज येते. श्वास अडकणे आणि रक्तदाब कोसळणे ही तीव्र अ‍ॅलर्जी दुर्मीळ आहे, पण ती होते. १९८६ सालच्या एका मोठ्या पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे २,२२,००० तपासण्यांत एक असे आढळले होते. त्यासाठीच त्या खोलीत अ‍ॅड्रिनलिन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारी व्यक्ती हवी. मोठ्या माणसाला १:१००० चे अर्धा मिलि अ‍ॅड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, हा पहिला उपचार; अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड यांची पाळी त्यानंतर. तपासणी झाल्यावर अर्धा तास तिथेच बसावे.

पूर्वी या डाईचा त्रास झाला असेल, दमा असेल, किंवा बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारासाठीची एक प्रकारची औषधे) घेत असाल तर आधी सांगा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंबही त्यातच येतात. अंगात बीटा-ब्लॉकर असताना अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

त्वचा काही तास पिवळसर राहते, लघवी दिवसभर किंवा थोडी जास्त वेळ गडद पिवळी-नारिंगी होते. यात घाबरण्यासारखे काही नाही. भरपूर पाणी प्यावे आणि त्या दिवशी कडक ऊन टाळावे. बाहुली पूर्ववत होईपर्यंत गाडी चालवू नये.

प्रश्न : मी दाह दाबणारे मेथोट्रेक्सेट हे औषध घेते आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. डाईच्या दिवशीच रक्त दिले तर चालेल का?

डाई देण्याआधी द्या, नंतर नको. फ्लुओरेसिन चमकते, त्यामुळे रंग किंवा चमक मोजून चालणाऱ्या रक्त-लघवीच्या काही तपासण्यांचे आकडे तीन-चार दिवसांपर्यंत चुकू शकतात. यकृत किंवा किडनीचा आकडा उगाच बिघडलेला दिसला आणि त्यावरून औषध थांबवले, असे व्हायला नको. आधी रक्त देणे जमले नाही, तर प्रयोगशाळेला डाईची तारीख लिहून द्या.

प्रश्न : वडिलांची किडनी कमजोर आहे. सीटी स्कॅनच्या वेळी डाई नको म्हणाले होते. ही डाई चालेल का?

दोन्हींना डाईच म्हणतात, पण त्या अगदी वेगळ्या आहेत. सीटी स्कॅनची डाई आयोडिनयुक्त असते. फ्लुओरेसिनमध्ये आयोडिन नाही आणि तिची मात्राही फार कमी असते. ती बाहेर मात्र किडनीवाटेच पडते. म्हणून किडनी खूपच कमजोर असेल तर अनेक ठिकाणी मात्रा निम्मी करतात, आणि त्वचेचा पिवळेपणा अधिक दिवस राहतो. डायलिसिसवरच्या रुग्णांचीही ही तपासणी होते. क्रिअ‍ॅटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट सोबत न्या.

प्रश्न : आता ओसीटी-अँजिओग्राफी आली आहे. सुई नाही, डाई नाही, काही सेकंदांत होते. मग डाईचा त्रास कशाला घ्यायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे. एका तपासणीने दुसरी रद्द होते हा समज युव्हिआयटिसमध्ये नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर.

ओसीटी-अँजिओ एकाच जागेचे आडवे छेद लागोपाठ अनेकदा घेते आणि त्यांची तुलना करते. दोन छेदांत जे बदलले ते हलणारे रक्त, जे तसेच राहिले ते स्थिर पेशीजाल. या फरकातून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. त्यात वरचे आणि खोलवरचे केशवाहिन्यांचे जाळे वेगवेगळे पाहता येते, जे डाईच्या फोटोत जवळपास अशक्य आहे. दीर्घ युव्हिआयटिसमध्ये, विशेषतः मॅक्युलाला सूज असेल तर, खोलवरचे जाळे विरळ झालेले अनेकदा आढळते. मॅक्युलाच्या मधोमध केशवाहिन्या नसलेला एक छोटा नैसर्गिक भाग असतो. कडेच्या केशवाहिन्या मेल्या की तो मोठा आणि वेडावाकडा होतो. दाहामुळे पडद्याखाली उगवलेली नवी वाहिनी ओळखायला ही तपासणी फार उपयोगी पडते. डाईच्या फोटोत दाहाचा व्रण आणि नवी वाहिनी दोन्ही पांढरे दिसून घोटाळा होतो. इथे वाहिनीचे जाळेच समोर येते.

पण हलणारे रक्त दाखवणारे यंत्र गळती दाखवू शकत नाही. भिंतीतून झिरपणारा द्रव त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि दाह चालू आहे की थांबला, याची सर्वांत जवळची खूण गळतीच आहे.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. नेहमीचे स्कॅन ३ बाय ३ किंवा ६ बाय ६ मिलिमीटरचे असतात, मॅक्युलाभोवतीचे. काही यंत्रे १२ बाय १२ आणि त्याहून मोठे स्कॅन घेतात, पण क्षेत्र वाढले की बारीक केशवाहिन्यांचा तपशील पुसट होतो. पडद्याच्या टोकाला बंद पडलेली वाहिनी यात सुटून जाईल.

तिसरी अडचण चित्र वाचण्याची. रक्त फारच संथ वाहत असेल तर यंत्र तिथे वाहिनी नाही असे दाखवते. सुजेचे पाण्याचे फुगे वाहिन्यांना बाजूला ढकलतात आणि तो भाग रिकामा दिसतो. फुगे असताना पडद्याचे थर ओळखण्यात यंत्राची चूक होते, मग वरच्या जाळ्याचे चित्र म्हणून भलत्याच थराचे चित्र छापले जाते. वरच्या वाहिन्यांची सावली खालच्या थरावर पडून तिथे खोटी वाहिनी दिसते. जेलीतला गढूळपणा आणि मोतीबिंदू, जे या रुग्णांत नेहमीचेच, संपूर्ण चित्र फिकट करतात आणि वाहिन्यांची घनता खरीपेक्षा कमी मोजली जाते. म्हणून घनतेचा आकडा पाहण्याआधी त्याच कागदावर छापलेली सिग्नलची गुणवत्ता पाहा. दहापैकी सातच्या खाली असेल तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. मागचा स्कॅन नऊ गुणवत्तेचा आणि आताचा सहाचा असेल, तर घनता घटली असे म्हणण्यात अर्थ नाही.

वाहिन्या नसलेल्या मधल्या भागाचे क्षेत्रफळ निरोगी माणसांतही एकमेकांपेक्षा कित्येक पटींनी वेगळे असते. जास्त मायनस नंबरच्या लांब डोळ्यात तर दुरुस्ती केल्याशिवाय हे मापच चुकते. त्यामुळे तुलना करायची ती त्याच डोळ्याच्या, त्याच यंत्रावरच्या, त्याच आकाराच्या जुन्या स्कॅनशी.

एकूण, दर भेटीला ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचे छेद आणि सूज दाखवणारा साधा स्कॅन, आणि गरजेनुसार ओसीटी-अँजिओ. दाह सुरू होताना, शंका आली तर आणि मोठा उपचार बदलताना डाई. हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘लेट डिस्क लीकेज’, ‘फर्न पॅटर्न’ आणि ‘पेरिफेरल नॉन-परफ्यूजन’ असे लिहिले आहे. यातले गंभीर काय?

तिघांचा अर्थ वेगळा आहे. पहिल्याचा अर्थ, दृष्टिमज्जातंतूच्या मुखाशी उशिराच्या फोटोत डाई झिरपली. निरोगी डोळ्यातही हे मुख शेवटी थोडे उजळते, पण त्याची कड रेखीव राहते. कड पुसट होऊन उजेड बाहेर सांडला तरच गळती म्हणायची. फर्न पॅटर्न म्हणजे नेच्याच्या पानासारखी, मोठ्या वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली केशवाहिन्यांची गळती. बेहचेट या आजारात ती वारंवार दिसते, पण इतर युव्हिआयटिसमध्येही दिसते. एवढ्यावरून आजाराचे नाव ठरत नाही. तिसऱ्याचा अर्थ, कडेच्या केशवाहिन्या बंद पडल्या आहेत.

गळती औषधांनी थांबू शकते. बंद पडलेल्या केशवाहिन्या बहुधा परत उघडत नाहीत. म्हणून आम्ही या तिघांत तिसऱ्या शब्दाकडे आधी पाहू : किती भाग बंद आहे, तो मॅक्युलाच्या दिशेने सरकतो आहे का, नव्या वाहिन्या आल्या आहेत का. नव्या वाहिन्या असतील तर बंद पडलेल्या भागावर लेझर करावे लागते; आधी दाह आटोक्यात आणून, कारण पेटलेल्या डोळ्यात लेझर केले तर मॅक्युलाची सूज वाढू शकते. मात्र युव्हिआयटिसमध्ये कधीकधी केशवाहिन्या बंद नसतानाही केवळ दाहामुळे नव्या वाहिन्या येतात, आणि त्या दाह शमला की लेझरशिवाय मावळतात. लेझर करायचे की नाही, हे ठरवायला नॉन-परफ्यूजनचा नकाशा लागतो तो यासाठी.

कोणत्या वाहिन्यांना दाह झाला आहे हेही डॉक्टर पाहतात. सारकॉइडोसिस, क्षयाशी संबंधित दाह आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मुख्यतः शिरा धरल्या जातात. हर्पिसच्या विषाणूंनी होणाऱ्या तीव्र रेटिनायटिसमध्ये, म्हणजे पडद्याच्याच दाहात, धमन्या, आणि तो आजार तासांच्या हिशेबाने हाताळायचा असतो. बेहचेटमध्ये दोन्ही धरल्या जातात आणि वाहिन्या बंद पडण्याचा कल असतो. फोटो दिशा दाखवतो. क्षय, सिफिलिस, हर्पिस यांसारखा संसर्ग नाही याची खात्री मात्र रक्ताच्या आणि इतर तपासण्यांनीच करावी लागते. ती न करता स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे.

रिपोर्टमध्ये आकडाही असेल, तर बहुधा २०१० साली मांडलेली युव्हिआयटिससाठीची गुणपद्धत वापरली असेल. तिच्यात फ्लुओरेसिनच्या चित्रांना एकूण ४० गुण असतात. त्यांपैकी १० केशवाहिन्यांच्या गळतीला, ७ मोठ्या वाहिन्यांच्या गळतीला आणि ६ बंद पडलेल्या केशवाहिन्यांना; बाकीचे मुख, मॅक्युला, नव्या वाहिन्या वगैरेंना. गुण जितके जास्त तितका दाह जास्त. मात्र नॉन-परफ्यूजनचे गुण उपचारांनी फारसे उतरत नाहीत, हे लक्षात ठेवून बेरीज वाचावी.

प्रश्न : वाहिन्यांभोवती पांढरे आवरण वर्षभर तसेच आहे. म्हणजे आजार चालूच आहे का?

नुसत्या पांढऱ्या आवरणावरून सांगता येत नाही. ताज्या दाहातले आवरण मऊ, पुसट कडांचे असते आणि त्यातून डाई गळते. जुना व्रण रेखीव असतो. तो रंगतो, पण रंग बाहेर पसरत नाही. दहाव्या मिनिटाचा फोटो पाहिल्यावर शंका बहुधा मिटते.

प्रश्न : मी फोटो काढण्याचे काम करतो. युव्हिआयटिसच्या रुग्णांचे फोटो इतरांपेक्षा खराब येतात. काय करावे?

काही कारणे तुमच्या हातात आहेत, काही नाहीत. हातात असलेल्यांपासून सुरुवात करू.

फोटोआधी डोळ्याला काहीही टेकू देऊ नका. दाब मोजण्यासाठी फ्लुओरेसिनची पट्टी लावली असेल तर पुढच्या पृष्ठभागावरच चमक राहते आणि सगळे चित्र धुरकट होते. जेल लावून भिंगाने पाहिले असेल तर डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, काही काळ खडबडीत राहतो. क्रम असा लावा : आधी फोटो, मग दाब आणि भिंगाची तपासणी. डोळा कोरडा असेल तर पातळ कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालून दोनदा पापण्या मिटायला सांगा. अनेकदा एवढ्यानेच चित्र सुधारते.

बाहुली हा या रुग्णांचा खरा प्रश्न. बुबुळ मागच्या लेन्सला चिकटलेले असते, त्यामुळे ती मोठी होत नाही किंवा वेडीवाकडी होते. ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिन दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घाला. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर १० टक्के फिनाइलेफ्रिन वापरू नका, अडीच टक्के पुरते. तरीही बाहुली लहान राहिली, तर फ्लॅशच्या कॅमेऱ्याऐवजी लेझर स्कॅनिंगचे यंत्र असल्यास ते घ्या, त्याला छोटी बाहुली चालते. एका कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली येत असेल, तर यंत्र किंचित बाजूला सरकवून बाहुलीतला मोकळा भाग शोधा.

वाइड-फील्ड यंत्र एका फोटोत २०० अंशांपर्यंत, म्हणजे पडद्याचा सुमारे ८० टक्के भाग टिपते; साध्या कॅमेऱ्याचा फोटो ३० ते ५० अंशांचा. युव्हिआयटिसमध्ये कडा महत्त्वाच्या, म्हणून हे यंत्र असेल तर वापराच. त्यात खालच्या कडेला पापण्यांचे केस येतात. कापसाची काडी किंवा टेप वापरून पापण्या धरा, आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगून वेगळे फोटो घ्या. टोकाचा भाग ताणलेला दिसतो, त्यामुळे तिथली मापे कागदावरून घेऊ नयेत. कॅमेरा साधाच असेल, तर मॅक्युला आणि त्याभोवतीची क्षेत्रे क्रमाने घेताना दर क्षेत्राला फोकस पुन्हा जुळवा. कडेला तो बदलतोच.

चुकीचे निदान घडवणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रकाशसंवेदन वाढवणे. उशिराच्या फोटोत डाई फिकी पडते, म्हणून हात आपोआप गेनच्या बटनाकडे जातो. गेन वाढला की निरोगी मुखही गळके दिसते, आणि सहा महिन्यांनी कमी गेनवर घेतलेल्या फोटोत आजार सुधारल्यासारखा वाटतो. पहिल्या तपासणीला वापरलेली सेटिंग रुग्णाच्या नोंदीत लिहून ठेवा आणि पुढे तीच वापरा. डाईआधीचा, फिल्टर लावलेला फोटोही प्रत्येक वेळी घ्या. त्यात काही चमकत असेल तर ते डाईमुळे नाही हे आधीच कळते.

डाई सावकाश सोडली गेली तर डोळ्यात पोचायला उशीर लागल्याचा भास होतो आणि धमन्यांचा टप्पा पसरट होतो. किती सेकंदांत सोडली आणि कोणत्या शिरेतून, हे लिहा. जास्त आजारी डोळ्याचे सुरुवातीचे फोटो आधी घ्यायचे असतात. तो कोणता, हे सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, नंतर वेळ नसतो.

तुमच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे जेलीतल्या दाहपेशी आणि पुढच्या भागातला गढूळपणा. पेटलेल्या बुबुळातून डाई पुढच्या पाण्यात झिरपते आणि उशिराचे फोटो धूसर होतात. हा तुमचा दोष नाही, पण नोंद मात्र करा : ‘माध्यम गढूळ, दर्जा मध्यम.’ या तीन-चार शब्दांनी वाचणारा डॉक्टर चुकीच्या तुलनेपासून वाचतो.

प्रश्न : आयसीजी ही दुसरी डाईही द्यायची म्हणाले. दोन डाई कशासाठी?

फ्लुओरेसिन कोरॉइडच्या केशवाहिन्यांतून लगेच बाहेर पडते, त्यामुळे तिथे नुसता उजेड पसरतो आणि आतले काही कळत नाही. आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना जवळजवळ पूर्णपणे, सुमारे ९८ टक्के, चिकटून राहते आणि अवरक्त प्रकाशात दिसते. म्हणून तिच्याने कोरॉइडमधल्या मोठ्या वाहिन्या आणि तिथल्या दाहाच्या गाठी दिसतात, बहुधा काळ्या ठिपक्यांच्या रूपात. बर्डशॉट आणि व्हीकेएच हे युव्हिआयटिसचे प्रकार, तसेच सारकॉइड आणि क्षयाचा कोरॉइडमधला दाह यांत ती खूप माहिती देते. दाह फक्त पडद्याच्या वाहिन्यांत असेल तर तिची गरज क्वचितच.

मात्रा २५ ते ५० मिलिग्रॅम. भुकटी सोबतच्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवायची आणि सहा तासांत वापरायची. तीत थोडे आयोडाइड असते, त्यामुळे आयोडिनची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. ती यकृतावाटे बाहेर पडते. यकृताचा आजार असेल तर तेही सांगा. उशिराचे फोटो अर्ध्या तासापर्यंत चालतात, तेवढा वेळ काढून जा.

प्रश्न : गरोदरपणी किंवा बाळ अंगावर पीत असताना डाई चालते का?

फ्लुओरेसिन वारेतून बाळापर्यंत जाते. त्यामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, तरी गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शक्यतो टाळतात आणि ओसीटी, ओसीटी-अँजिओ व रंगीत फोटोंवर भागवतात. आईच्या दुधात ती तीन-चार दिवसांपर्यंत सापडते. आधीच दूध काढून साठवता येते. किती दिवस पाजू नये, हे बाळाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. अपुऱ्या दिवसांचे किंवा कावीळीसाठी प्रकाशोपचार चालू असलेले बाळ असेल तर अधिकच जपावे.

प्रश्न : ओसीटीत सूज नाही, पण अँजिओग्राफीत गळती आहे. एक डॉक्टर औषध वाढवा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. कोणाचे ऐकावे?

दोन्ही तपासण्या बरोबर असू शकतात. पडद्याखालचा पेशींचा थर द्रव सतत बाहेर उपसत असतो. गळती या उपशापेक्षा कमी असेल तर पाणी साचत नाही आणि ओसीटी कोरडी दिसते. उलटही घडते : जुन्या सुजेत फुगे राहतात, पण गळती थांबलेली असते, तिथे औषध वाढवून फायदा होत नाही.

प्रत्येक गळतीसाठी औषध वाढवावेच लागते असे नाही. वाइड-फील्ड यंत्रे आल्यापासून अगदी टोकाची गळती दिसू लागली, आणि ती थोडीफार निरोगी डोळ्यांतही कधीकधी दिसते. गळती टोकापुरती असेल, मागच्या फोटोइतकीच असेल, मॅक्युला आणि मुख स्वच्छ असेल, नव्या वाहिन्या नसतील, तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहणे रास्त आहे. गळती वाढत असेल, मॅक्युलाकडे सरकली असेल, मुखातूनही होत असेल, केशवाहिन्या नव्याने बंद पडत असतील, किंवा रात्रीची नजर, रंग, दृष्टिक्षेत्र यांत घट झाली असेल, तर थांबणे योग्य नाही. मग तक्ता ६/६ असला तरी.

दोन डॉक्टरांमधला फरक अनेकदा यामुळे पडतो की एकाने जुने फोटो पाहिलेले असतात आणि दुसऱ्याने नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना छापील कागद देऊ नका, त्यावर उशिराच्या फोटोंचे दोन-चार छोटे तुकडेच असतात. वेळेच्या नोंदीसह सर्व मूळ फोटोंची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, आणि त्या तारखांना कोणते औषध किती मिलिग्रॅम चालू होते ते लिहून जोडा. ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर घेतलेला स्वच्छ फोटो आणि ५ मिलिग्रॅमवरचा स्वच्छ फोटो यांचा अर्थ एकच नसतो.

प्रश्न : मग डाई किती महिन्यांनी परत करायची?

कॅलेंडर लावून नव्हे. निदानाच्या वेळी एकदा. नवे औषध सुरू केल्यावर त्याचा पूर्ण परिणाम यायला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा एकदा. औषध कमी करत न्यायच्या आधी एकदा. आणि मध्ये नजर किंवा ओसीटी बदलली तर. दोन-तीन वर्षे औषधांशिवाय शांत असलेल्या डोळ्याला, नवी तक्रार नसेल तर, डाईची गरज नाही. बाहुली मोठी करून तपासणी आणि वाइड-फील्ड रंगीत फोटो पुरतात.

प्रश्न : संगणकाने वाहिन्यांची जाडी मोजून आजार कळतो असे ऐकले. खरे का?

मोजता येते. मुखाच्या कडेपासून अर्धा ते एक मुखव्यास अंतरावरच्या पट्ट्यात सर्वांत मोठ्या सहा धमन्या आणि सहा शिरा मोजून सरासरी काढण्याची पद्धत रूढ आहे, आणि मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत रुंद शिरांचा संबंध शरीरातल्या दाहाशी दिसला आहे. पण तो गटाचा निष्कर्ष आहे. वाहिनीची रुंदी हृदयाच्या ठोक्यागणिक, रक्तदाबागणिक बदलते, आणि दाह असलेल्या वाहिनीची कड पुसट असल्याने संगणक ती चुकीची आखतो. एका रुग्णाचे औषध ठरवायला या आकड्याचा आज उपयोग नाही. तो रिपोर्टवर छापलेला असेल तर फाइलमध्ये राहू द्या, आणि डॉक्टरांना गळती व नॉन-परफ्यूजनबद्दल विचारा.